अकरा दुरड्या

येळंबवाडीच्या मठाची यात्रा चैत्रात भरते. यात्रेच्या आठ दिवस आधी मठातून दुरड्या निघतात आणि अख्खं गाव आपापल्या दारात येऊन उभं राहतं. शेणानं सारवलेल्या, काठाला विभूतीची तीन बोटं ओढलेल्या बांबूच्या रिकाम्या दुरड्या, घरटी एक. ती पन्नास कडक भाकरींनी भरून मठाच्या अन्नदानाला, दासोहाला, परत पाठवायची, म्हणजे यात्रेच्या पंगतीत त्या घराचा हात लागला. पंगत बसली की मठाचा कारभारी एकेक दुरडी उघडतो आणि जिनं भाकरी थापली तिच्या नावानं मोठ्यानं हाक देतो. एरवी अमक्याची आई आणि तमक्याची सून म्हणून जिचा जन्म सरतो, तिचं नाव त्या दिवशी हजार माणसं ऐकतात. बाया वर्षभर त्या हाकेची वाट बघतात, आणि बघू नये तर काय करावं?

मलप्पाच्या घरची दुरडी अडतीस वर्षं 'लक्ष्मम्माची दुरडी' होती. मलप्पा तेव्हा बाप्यांच्या पंगतीत बसून मिशीला हात लावायचा, जशी काही भाकरी त्यानंच थापली होती.

लक्ष्मम्मा दिवाळीच्या तोंडावर गेली. त्या वर्षी दुरडी आली नाही, ते बरोबरच होतं. घर दुःखात, कोण काय म्हणणार. दुसऱ्या वर्षी मात्र मलप्पानं सकाळीच ओटा झाडला, दुरडी ठेवायची जागा ओल्या फडक्यानं पुसली आणि धुतलेलं धोतर नेसून बसला. भाकरी करणार कोण, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. बाप्याचं डोकं ते. दुरडी घेऊन घरात ठेवायची, पुढचं आपोआप होतं, एवढंच त्याला ठाऊक.

कारभारी बसलिंगप्पा आला. शाळेपासूनचा सोबती. मागं दोन गड्यांच्या डोक्यावर दुरड्यांची उतरंड. मलप्पा उठून उभा राहिला, दोन्ही हात पुढं केले, आणि बसलिंगप्पा त्याच्या खांद्यावर थोपटून पुढं निघाला.

"तुला कशाला तरास, मलप्पा. घरात बाईमाणूस न्हाई. तू आपला पंगतीला ये, पोटभर जेव."

मायेनंच बोलला तो. तीच तर पंचाईत झाली. शिवी दिली असती तर मलप्पानं दोन परत दिल्या असत्या. मायेला काय उत्तर देणार? पुढं केलेले हात त्यानं धोतराला पुसले आणि खाली बसला. दुरड्या टेंपोवाल्या विनोदचं दार ओलांडून गेल्या, शाळकरी अमरेशचं ओलांडून गेल्या. गावात अशी अकरा घरं निघाली. कुठं बायको वारलेली, कुठं लग्नच जमलेलं नाही, कुठं बाई माहेरी निघून गेलेली. त्या यात्रेत लक्ष्मम्माचं नाव कुणी घेतलं नाही. मलप्पा जेवला आणि घरी आला.

गौरम्मा त्याची भावजय. थोरल्या भावाच्या मागं शेजारच्याच घरात एकटी राहायची आणि रोज भिंतीवरून दोन भाकरी फडक्यात बांधून द्यायची. दुपारी मलप्पा एक खायचा आणि संध्याकाळची वाळून पापड व्हायची, ती पाण्यात भिजवून खायचा. दीड वर्ष असंच चाललं होतं. मलप्पाचा लेक पुण्यात; तो फोनवर म्हणायचा, या इकडं, नाहीतर डबा लावा. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गौरम्मानं भाकरी पुढं केली तेव्हा मलप्पानं हातच पुढं केला नाही.

"वैनी, मला शिकवा."

गौरम्मानं तोंडाला पदर लावला. हसू काही आवरेना तिला. मग तिनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"भावजी, बासष्टाव्या वर्षी?"

"तुमच्या हातचं खाऊन लाजून राहिलो. आता माझ्या हातचं खाईन म्हणतो."

दुसऱ्या दिवसापासून गौरम्मा उलथनं हातात घेऊन पाटावर बसली आणि मास्तरीण झाली. लई कडक. पिठात पाणी जास्त झालं की उलथन्यानं काठवटीवर ठोके द्यायची. थापताना म्हणायची, थापा, मारू नका, बैल हाय व्हय तो. मलप्पाचे गुडघे मुडपायचे नाहीत, कंबर धरायची, मनगटावरचे केस जळून गेले. तिफणीमागं ज्याची मूठ अख्ख्या शिवारात नावाजलेली, एक दाणा कमी नाही की जास्त नाही, त्या माणसाची भाकरी काठवटीतून उचलताना निम्मी खालीच राहायची. दावणीच्या गाईनं तेवढे पंधरा दिवस चैन केली.

काठवट लक्ष्मम्माची होती. पीठ मळून मळून तिच्या मधोमध एक खळगा पडलेला. लक्ष्मम्माच्या तळहाताचा मनगटाकडचा भाग रोज तिथंच टेकायचा. मलप्पाचा हात त्या खळग्यात मावेना. पहिल्या दिवशी तो तिथं बोट फिरवत किती तरी वेळ बसून राहिला. अडतीस वर्षं, दोन्ही वेळा, आणि आपण कधी ताटातली भाकरी उचलून बघितलीसुद्धा नाही. गौरम्मानं चुलीत लाकूड सारलं. धूर लई झाला म्हणून त्यानंच डोळे पुसले.

सोळाव्या दिवशी भाकरी निखाऱ्यावर टम्म फुगली. मलप्पा उकिडवा बसला होता तो ताडकन उभा राहिला. कुणाला तरी दाखवायला हवी होती. बाहेर आला तर अमरेश दप्तर घेऊन शाळेतून येत होता. नववीतला पोरगा. आई दोन वर्षांमागं वारलेली, बाप ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस गावाचं तोंड बघायचा नाही. पोरगा मुरमुरे आणि चहात बुडवलेली बिस्किटं खाऊन दिवस काढायचा आणि फोनवर बापाला सांगायचा की वरणभात केला होता. मलप्पानं त्याला आत बोलावलं, भाकरी, कांदा आणि कारळाची चटणी पुढं ठेवली. पोरानं मान खाली घालून चार भाकरी खाल्ल्या. मलप्पा थापत राहिला आणि हा खात राहिला.

"उद्या ये," मलप्पा म्हणाला. "पन उद्या आदी थापायची, मंग खायची."

"मला येत न्हाई, आज्जा."

"मला तरी कुठं येत व्हती."

अशी सुरुवात झाली. अमरेशच्या मागं विनोद आला. वय छत्तीस, स्वतःचा टेंपो, अंगावर कधी दारूचा वास नाही, तरी बावीस ठिकाणी नकार. आई गेल्यावर तो ढाब्यावर जेवायचा आणि पोट धरून गाडी चालवायचा. मग व्यंकटी आला, ज्याची बायको आठ महिन्यांपासून माहेरी होती. यात्रेपासून पोळ्यापर्यंत अकरा घरचे अकरा जण झाले. बैल विकल्यापासून मलप्पाच्या गोठ्याची एक बाजू मोकळीच होती. तिथं तीन चुली मांडल्या. सोमवारी गावची कामं बंद असतात, म्हणून सोमवारची दुपार ठरली; अमरेश शाळा सुटली की यायचा.

पारावरच्या रिकामटेकड्यांना आयतं खाद्य मिळालं. त्यांनी नाव ठेवलं, बाप्यांचा बचत गट. विनोद दिसला की विचारायचे, अध्यक्ष कोण तुमचा, पापड कधी लाटता. विनोद पहिल्यांदा तोंड चुकवून जायचा. पुढं पुढं म्हणायला लागला, जेवायला या, मग सांगतो. आलं कुणी नाही, पण विचारणंही कमी झालं.

आता एक गोष्ट खरी. पारावर बसलेले बाप्ये पाऊसपाणी बोलतात, राजकारण बोलतात, दुसऱ्याच्या घरचं बोलतात. स्वतःचं बोलत नाहीत. चुलीपुढं ओळीनं बसलं की सगळ्यांची तोंडं जाळाकडं. कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हात पिठात गुंतलेले, आणि डोळ्यांत पाणी आलं तर धूर आहेच. विनोदनं एका सोमवारी सांगितलं की उदगीरला मुलगी बघायला गेला तेव्हा तिच्या मावशीनं त्याच्यादेखत विचारलं, घरात सासू नाही तर पोरीनं कुणाचं बघून शिकायचं. तो चहा तसाच ठेवून उठला होता. अमरेशनं सांगितलं की आईचा आवाज फोनमध्ये होता, तो फोन बापानं विकला. कुणी कुणाला उपदेश केला नाही. मलप्पानं फक्त पोराच्या काठवटीत थोडं पीठ वाढवलं.

व्यंकटी मात्र तीन महिने गप्प होता. मग एकदा गोळा हातात धरून म्हणाला, "मी हात उचलला व्हता तिच्यावर. दोनदा."

चुलीत लाकडं तडतडत होती. सगळे थापायचे थांबले.

"आमाला सांगून काय उपेग," मलप्पा म्हणाला. "तिला जाऊन सांग. चुकलो म्हण. यील न यील, तिची मर्जी."

दुसऱ्या दिवशी व्यंकटी स्वतः केलेल्या बारा भाकरी बांधून सासुरवाडीला गेला. आला एकटाच, पण भाकरी परत आल्या नव्हत्या.

फाल्गुन लागला तसा मलप्पा बसलिंगप्पाच्या ओट्यावर जाऊन बसला. म्हणाला, ह्या वर्षी माझ्या दारात दुरडी ठेव. बसलिंगप्पा हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, तू शिकलास, कौतुक हाय, पण दासोह म्हणजे खेळ न्हाई. मलप्पानं आवाज चढवला नाही. उलट मागणं वाढवलं.

"एक न्हाई. अकराच्या अकरा घरच्या दे. आमचं घर पडलंय का, ओलांडून जायला?"

"साडेपाचशे भाकरी व्हतात, मलप्पा. ऐन पंगतीत कमी पडल्या तर मठाची अब्रू जाईल."

"माझी बी जाईल. मी रोज तुझ्या दारावरनं जातो."

बसलिंगप्पा बराच वेळ सुपारी कातरत बसला. शेवटी हो म्हणाला. वर एवढंच म्हणाला की ह्या वर्षी चुकलं, तर पुन्हा मागायला येऊ नको. मलप्पाला तेवढंच पाहिजे होतं. त्याच्या मनात एकच होतं: लक्ष्मम्माच्या नावाची हाक पुन्हा ऐकायची.

आणि इथं आमच्या बाप्यांनी माती खाल्ली. काम कसं चोख करायचं म्हणून त्यांनी मोठा बेत केला. अकरा घरांची ज्वारी एकत्र केली, निवडली, विनोदच्या टेंपोत घातली आणि यात्रेच्या महिनाभर आधी अहमदपूरच्या गिरणीवर एका खेपेत सगळं दळून आणलं. पिठाची पोती मलप्पाच्या पत्र्याच्या खोलीत थप्पी लावून ठेवली. ऐन वेळी घाई नको, बायांसारखं रोज रोज गिरणीला कोण पळणार, असं म्हणून एकमेकांची पाठ थोपटली. गौरम्मा तेव्हा लेकीकडं निलंग्याला गेलेली. असती तर कपाळावर हात मारला असता. मलप्पा एकटा होता तोवर दोन-तीन किलोच दळायचा, आठवड्यात संपायचं, त्यामुळं त्यालाही कधी कळलं नव्हतं.

यात्रेला तीन दिवस राहिले. अकरा दुरड्या गोठ्यात ओळीनं मांडलेल्या, चुली सहा केलेल्या. पहाटेच सगळे आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून बसले. मलप्पानं पहिला गोळा घेतला, दोन थापा दिल्या आणि भाकरीचा काठ फाटला. पुन्हा मळलं, पुन्हा फाटला. विनोदची उचलताना तीन तुकडे होऊन पडली. अमरेशची तव्यावर गेली आणि तिथं तडकली. मळून मळून हात दुखले तरी तेच. ऊन अंगणात आलं तोवर चाळीस भाकरींचे तुकडे टोपल्यात पडले होते आणि एक दुरडीसुद्धा भरायला घ्यायची वेळ आली नव्हती.

बातमी पारावर जायला किती वेळ लागतो. आधी पारावरची माणसं फाटकाशी येऊन उभी राहिली, मग गल्लीतल्या बाया आल्या. गौरम्मा आदल्या संध्याकाळीच परतली होती, ती पदर खोचून पुढं आली. चिमूटभर पीठ घेऊन बोटांत चोळलं, ओलं करून ताणलं.

"कवा दळलंय?"

मलप्पानं सांगितलं.

"महिना झाला? अन ते बी पत्र्याखाली? इरी गेली की ओ पिठाची. चिकटपणा म्हणून राहिला न्हाई त्यात. ज्वारीचं पीठ कुणी महिनाभर ठेवतं व्हय?"

बाया हसल्या. कुणी तरी म्हणालं, गडीमाणसाचं काम. मलप्पाच्या कानशिलावर घाम उतरला. विनोद म्हणाला, टेंपो काढतो, दुसरी ज्वारी आणून दळून आणतो. पण देवाच्या नावानं दळलेलं एवढं पीठ टाकायचं कुठं? दासोहाचं पीठ जनावराला घालत नाहीत. मलप्पानं नाही म्हणून मान हलवली.

तेवढ्यात दोघी-तिघी बाया आत येऊन चुलीपुढं बसायला लागल्या. सरका म्हणाल्या, आम्ही बघतो, संध्याकाळपर्यंत उरकतं सगळं. मनानं चांगल्याच होत्या. व्यंकटी तर उठलासुद्धा. अमरेश उठला नाही. त्यानं काठवट गच्च धरली होती आणि मलप्पाकडं बघत होता.

"थांबा," मलप्पा म्हणाला. "वैनी, ह्याला इलाज हाय का न्हाई, तेवढं सांगा. सांगा तुमी. हात लावू नका."

गौरम्मानं खोचलेला पदर सोडला, एक पाट ओढला आणि गोठ्याच्या मधोमध बसली. बायांनाही तिनं मागं सारलं.

"आधणाचं पाणी ठिवा. पार उकळू द्या. उकळतं पाणी पिठावर वतायचं, उलथन्यानं कालवायचं, झाकायचं. अन गरम हाय तवरच मळायचं. गार झालं की पुन्ना तेच. हात भाजतील, आदी सांगून ठिवते."

हात भाजले. सगळ्यांचेच भाजले. वाफाळत्या पिठात तळहात घालायचा, दातावर दात धरायचा आणि मळायचं. मलप्पाच्या तळहातांना पाच दशकांच्या कामाचे घट्टे, तरी दुपारपर्यंत दोन फोड आले. विनोद फुंकर मारत मळायचा. अमरेशला मलप्पानं थापायला बसवलं, तर पोरगा मळायलाच पुढं. पण भाकरी फाटेना. काठ धरून उचलली तरी अख्खी यायची. पातळ थापायची, तव्यावर शेकायची, निखाऱ्यावर कडक करायची आणि उभी करून वाळवायची. गौरम्मा पाटावरून हलली नाही आणि तिनं एका भाकरीला बोट लावलं नाही. चुकलं की उलथन्याचा ठोका तेवढा यायचा.

तीन दिवस हेच. फाटकाशी हसायला आलेल्यांपैकी दोघे दुसऱ्या दिवशी पाणी भरायला लागले. तिसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत अकरावी दुरडी भरली. मलप्पानं उठायचा प्रयत्न केला तर गुडघे उघडेनात. विनोदनं आणि व्यंकटीनं काखेत हात घालून त्याला उभं केलं, आणि अकराच्या अकरा जण येड्यासारखे हसत सुटले.

यात्रेच्या दुपारी पंगती बसल्या. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, मधून वाढपी. बसलिंगप्पा दुरड्या उघडत होता आणि हाका देत होता. मलप्पाच्या दुरडीपाशी आला आणि थांबला. फडकं बाजूला केलं. एक भाकरी हातात घेऊन उन्हाकडं धरून बघितली. मग मलप्पाला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "कुणाच्या नावानं हाक देऊ? लक्ष्मम्माच्या ना?"

वर्षभर मलप्पा ह्याच प्रश्नाची वाट बघत होता. उत्तर तयार होतं. पण तोंड उघडलं तेव्हा त्याचं लक्ष आपल्या तळहातांवर गेलं. फोड फुटून कातडं निघालेलं. लक्ष्मम्माच्या हाताला असले फोड कितीदा आले असतील, त्यानं कधी विचारलं नव्हतं. आणि आता तिनं न केलेल्या कामावर तिचं नाव लावायचं, म्हणजे पुन्हा आपलं काम तिच्यावर ढकलायचं.

"थापली त्याचं नाव घ्यायची रीत हाय," तो म्हणाला. "माझ्या नावानं दे."

बसलिंगप्पानं घसा साफ केला. मठाच्या आवारात बाप्याच्या नावानं हाक आजवर गेली नव्हती.

"मलप्पाची दुरडी!"

वाढपी थांबले. मलप्पा तिथंच उभा राहिला, मान खाली न घालता. बायांच्या ओळीतून गौरम्मा उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कारभारी, नीट हाक द्या. कोनचा मलप्पा? गावात तीन मलप्पा हायत. लक्ष्मम्माच्या मलप्पाची म्हणा."

बसलिंगप्पानं मलप्पाकडं बघितलं. मलप्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिथं धूर नव्हता. त्यानं ते पुसलंही नाही.

"लक्ष्मम्माच्या मलप्पाची दुरडी!"

हाक मठाच्या कमानीपर्यंत गेली. मग विनोदची गेली, त्याच्या आईच्या नावासकट. व्यंकटीची गेली तेव्हा त्यानं बायको दिसते का म्हणून बायांच्या ओळीकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. अमरेशची हाक झाली तेव्हा त्यानं वाढप्याच्या हातातली दुरडी स्वतःच काढून घेतली आणि ओळीनं वाढत निघाला. ट्रक लावून नुकताच आलेला त्याचा बाप पंगतीत बसला होता. पोरानं त्याच्या ताटात एक भाकरी ठेवली, मग दुसरी ठेवली. बाप ताटाकडं बघतच राहिला.

मलप्पा त्याच्या शेजारी जाऊन बसला. त्याच्याही ताटात भाकरी पडली. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, काठावर बोटाचा ठसा. पोराचीच होती ती. मलप्पानं ती दोन्ही हातांत धरली, उलटून पालटून नीट बघितली, आणि मग मोडली.